भावाचं पालकत्व घेताना काय काय करावं लागतं

माझा धाकटा भाऊ आता अडतीस वर्षांचा आहे. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, सोबत बौद्धिक अक्षमता. घरात सगळे त्याला बाळ म्हणतात, तो मला अक्का म्हणतो. आमचे आण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. २०१९ मध्ये ते गेले. दिवस झाल्यावर आठवड्याभरातच आई, बाळ आणि मी एका बँकेत उभे होतो, कारण आण्णांनी बाळच्या नावावर ठेवलेली मुदतठेव मोडायची होती.

अधिकारी म्हणाले, "खातेदाराची सही किंवा अंगठा लागेल." बाळची उजवी मूठ कायम घट्ट वळलेली असते, अंगठा आत. घाबरला की ती आणखी आवळते. मी एक एक बोट सोडवत होते, शाईचं पॅड सरकत होतं, मागे रांग लागली होती आणि बाळ रडायला लागला. कागदावर उमटला तो नुसता निळा डाग. मग अधिकाऱ्यांनी विचारलं, "यांचे कायदेशीर पालक कोण?" आई म्हणाली, "मीच. मी आई आहे त्याची." त्यांनी वय विचारलं. बत्तीस. "मग नुसतं आई असून चालत नाही, कागद लागेल."

ते नियमानेच बोलत होते. मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडील कायद्याने त्याचे पालक राहत नाहीत, मग त्याला बोलता येवो न येवो. हे बत्तीस वर्षांत आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही कुणाला विचारलं नव्हतं. त्यानंतर मी जे हेलपाटे घातले, त्यातून जे कळलं ते इथे लिहिते. मी पतसंस्थेत क्लार्क आहे, कागद हाताळायची सवय आहे, तरी मला दोन वर्षं लागली. तुमचे आईवडील हातीपायी धड आहेत तोवर हे करून घ्या. वडील असताना जे काम एका अर्जात होतं, त्यालाच नंतर वारस दाखला, प्रतिज्ञापत्र आणि चार साक्षीदार लागतात.

सुरुवात दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रापासून. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा एप्रिल २०१७ पासून लागू झाला. आधीच्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, आता एकवीस आहेत. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. घरात जुना, हाताने लिहिलेला दाखला असेल तर तो फेकू नका, पण त्याच्यावर विसंबूनही राहू नका. आता सगळीकडे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, मागतात. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा अपलोड करायचा आणि सरकारी रुग्णालय निवडायचं. मग ठरलेल्या वारी तपासणीला जायचं. प्रत्येक रुग्णालयाचा दिव्यांग तपासणीचा वार वेगळा असतो आणि त्यातही हाडांचे डॉक्टर एका वारी, मानसोपचार दुसऱ्या वारी असं असू शकतं. आधी एकट्याने जाऊन चौकशी करा, मग पेशंटला न्या. मी पहिल्या खेपेला बाळला घेऊन पहाटेच्या एसटीने गेले आणि दुपारी दोनला कळलं की आज तो विभाग बसत नाही.

तपासणीतली एक गोष्ट नीट समजून घ्या. बौद्धिक अक्षमता ठरवताना फक्त बुद्ध्यांक बघत नाहीत. रोजचं काय काय स्वतः करतो, हे घरच्यांना विचारतात. कपडे घालतो का, पैसे ओळखतो का, रस्ता ओलांडतो का. आईला विचारलं, "जेवतो का स्वतः?" आई चटकन म्हणाली, "हो, जेवतो की." तिच्या दृष्टीने ते खरं होतं. पण भाकरी कुस्करून आमटीत भिजवून द्यावी लागते, चमच्याची मूठ जाड करायला तिला फडकं गुंडाळावं लागतं आणि शेवटचे चार घास भरवावे लागतात, हे ती बोललीच नाही. पोराचं उणं परक्यासमोर सांगायचं नाही ही तिची चाळीस वर्षांची सवय. मी मध्ये पडून सांगितलं. तुम्ही आदल्या रात्रीच कागदावर लिहून काढा, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत कुठे कुठे हात लावावा लागतो. वाढवून सांगू नका, पण अभिमानापोटी लपवूही नका.

दुसरं असं की दोन अक्षमता असल्या तर टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही. बाळचे एकीकडे ७५ आणि एकीकडे ६० आले. शेजारच्या काकांनी आम्हाला सांगितलं होतं की शंभर मिळतील. त्याला सूत्र आहे. मोठा आकडा नव्वदातून वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणायचं, नव्वदने भागायचं आणि आलेलं उत्तर मोठ्या आकड्यात मिळवायचं. नव्वदातून ७५ गेले १५, पंधरा साठे नऊशे, भागिले नव्वद म्हणजे दहा. एकूण ८५. डॉक्टरांनी कमी दिले म्हणून भांडायला जाण्याआधी हा हिशेब करून बघा. कार्डावरचा पट्टा ४० च्या आत पांढरा, ४० ते ७९ पिवळा आणि ८० पासून पुढे निळा असतो. बाळचं कार्ड निळं आहे.

नावाचं बघा. आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, रेशन कार्डावर नुसतं 'बाळू' असं आमचं झालं होतं. यूडीआयडीचा अर्ज भरण्याआधी आधार दुरुस्त करून घ्या, कारण पुढची प्रत्येक कचेरी आधारशी ताडून बघते. ज्यांच्या बोटांचे ठसे येत नाहीत त्यांच्यासाठी आधार केंद्रावर डोळ्यांच्या बुबुळांचा स्कॅन चालतो. ऑपरेटर "ठसे येत नाहीत, उद्या या" म्हणाला तर तिथेच हे शांतपणे सांगा.

आता पैशाचं. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला २,५०० रुपये आहेत, त्याआधी १,५०० होते. अर्ज तहसील कचेरीत किंवा सेतूतून. उत्पन्नाची अट दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वर्षाला ५० हजारांपर्यंत आहे, त्यामुळे आईला कुटुंब निवृत्तिवेतन येत असल्याने बाळ त्यात बसत नाही. आमच्या गल्लीतल्या एका मावशींच्या मुलीचं मात्र मी करून दिलं. तलाठ्याकडचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, रेशन कार्ड, दिव्यांग प्रमाणपत्र, आधार जोडलेलं बँक खातं एवढं लागलं. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला की पैसे थांबतात, आणि बहुतेकांचे पैसे थांबतात ते याच कारणाने. कॅलेंडरवर लाल गोल करून ठेवा.

ग्रामपंचायत आणि नगरपालिकांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. हे मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही. ग्रामसेवकाकडे लेखी अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या, ग्रामसभेत विषय मांडा. आमच्याकडे त्यातून दोघांना कमोडची खुर्ची मिळाली. त्या खुर्चीने एका म्हातारीची कंबर वाचली, म्हणून ही मागणी मला लहान वाटत नाही.

घरात कुणाला सरकारी पेन्शन असेल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला, आईवडिलांनंतर, वय कितीही असलं तरी कुटुंब निवृत्तिवेतन हयातभर मिळू शकतं. त्यासाठी कुटुंबाच्या तपशिलात त्याचं नाव आणि दिव्यांगत्व आधीच नोंदलेलं असलं तर पुढचं सोपं जातं. आण्णांनी नाव लिहिलं होतं, पण पुढे 'दिव्यांग' हा शब्द नव्हता. त्या एका शब्दासाठी आईला स्वतःच्या अर्जासोबत जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणपत्र जोडावं लागलं, आणि त्यात तो उपजीविका करू शकत नाही असं स्पष्ट लिहून घ्यावं लागलं. खासगी नोकरीतल्यांच्या १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतही कायमच्या आणि पूर्ण दिव्यांग अपत्याला हयातभर पेन्शनची तरतूद आहे. वडिलांची पेन्शनची वही आजच काढून बघा.

निरामय ही राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची आरोग्य विमा योजना आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारच प्रकारांना लागू. वर्षाला एक लाखापर्यंत, आणि त्यात फिजिओथेरपी, स्पीच थेरपी, ओपीडीची औषधं, दवाखान्यात जायचा प्रवास हेही थोड्या थोड्या मर्यादेत येतं. आधीपासूनचा आजार म्हणून नाकारत नाहीत. पण पैसे आधी आपण भरायचे आणि मग बिलं पाठवायची. म्हणून प्रत्येक बिलावर बाळचं पूर्ण नाव आणि तारीख आहे ना, हे मी काउंटरवरच बघते. योजनेचं वर्ष मार्चअखेर संपतं, नूतनीकरण त्याआधी करायचं.

प्रवासाचं थोडक्यात. एसटीत ७५ टक्के सवलत, ६५ टक्क्यांच्या वर दिव्यांगत्व असेल तर सोबत्याला निम्मं तिकीट. रेल्वेचं वेगळं ओळखपत्र काढावं लागतं, यूडीआयडी दाखवून तिकिटाची सवलत मिळेल असं धरून स्टेशनवर जाऊ नका. सोबत्याशिवाय प्रवास न करू शकणाऱ्या बौद्धिक अक्षम व्यक्तीला आणि सोबत्याला स्लीपर व थ्री एसीला ७५ टक्के आहे. आयकरात (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८० डीडी) सांभाळ करणाऱ्याला ७५ हजारांची वजावट मिळते, ८० टक्के किंवा अधिक असेल तर सव्वा लाखाची, पण जुनी करप्रणाली घेतली तरच.

आता पालकत्व. ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं ते हे.

वर सांगितलेल्या चार प्रकारांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्यात कोर्टात न जाता जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडून कायदेशीर पालक नेमता येतो. समितीत एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. शारीरिक दिव्यांग, अंध, कर्णबधिर माणसाला हे लागत नाही. त्याचा व्यवहार तोच करतो, सही येत नसेल तर अंगठा देतो, आणि बँकेने त्याच्याकडे पालक मागणं चूक आहे. मानसिक आजारासाठी २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे, तिथे पालक नसतो, त्या माणसाने स्वतः नेमलेला नामनिर्देशित प्रतिनिधी असतो. आपला माणूस कुठल्या कायद्यात बसतो हे आधी ठरवा, नाहीतर चुकीच्या दारात वर्ष जातं.

अर्ज नमुना 'अ' मध्ये असतो. आईवडील असतील तर त्यांनी करावा, नसतील तर भावंडं किंवा नातेवाईक, कुणीच नसेल तर नोंदणीकृत संस्था. आम्ही दिव्यांग प्रमाणपत्र, वयाचा पुरावा, दोघांची ओळखपत्रं, एकत्र फोटो, आईची आणि थोरल्या भावाची नाहरकत जोडली. समितीने किमान तीन महिन्यांतून एकदा बसायचं असतं. आमच्या अर्जाला आठ महिने लागले. मधल्या काळात दर महिन्याला मी आवक क्रमांक सांगून विचारत राहिले, आवाज चढवला नाही आणि सोडूनही दिलं नाही. जिल्ह्यात राष्ट्रीय न्यासाची नोंदणीकृत संस्था असेल तर तिच्यामार्फत जा, त्यांना वाट पाठ असते.

समिती दोन गोष्टी बघते. या माणसाला पालकाची गरज आहे का, आणि असेल तर नेमकी कशासाठी. या दुसऱ्या प्रश्नावर मी अडखळले. अर्जात "सर्व गोष्टींसाठी" लिहून मोकळी होणार होते. समितीतल्या बाई, स्वतः व्हीलचेअरवर होत्या, त्यांनी बाळकडे वळून विचारलं, "तुला अक्काकडे राहायला आवडतं का?" तोवर कुठल्याही कचेरीत कुणी त्याला प्रश्न विचारला नव्हता. तो म्हणाला, "अक्का. आणि आई." त्यांनी ते लिहून घेतलं आणि मला म्हणाल्या, "ताई, पैसे, औषधोपचार, कागदपत्रं यासाठी पालक लागतो हे दिसतंय. कपडे, जेवण, कुठे जायचं, कुणाशी बोलायचं, यासाठी नको ना?" मी नको म्हणाले. घरी येऊन पहिल्यांदा कपाट उघडून त्याला शर्ट निवडायला सांगितलं. पंधरा मिनिटं लागली. त्याने पिवळा काढला. मी वर्षानुवर्षं त्याला निळे घेत होते, डाग दिसत नाहीत म्हणून.

प्रमाणपत्र मिळाल्यावर बँकेने ते मान्य केलं. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे बँका समितीचं पालकत्व प्रमाणपत्र ग्राह्य धरतात. पण प्रमाणपत्र मिळालं की काम संपलं असं समजणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, खरं काम तिथून सुरू होतं. नेमणुकीपासून सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची असते. जमिनीतला हिस्सा, ठेवी, दागिना, देणं असेल तर तेही. मग दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्च द्यायचा. पालक हेळसांड करतो किंवा पैसा खातो असं दिसलं तर समिती त्याला काढू शकते. पालक हा मालक नव्हे, आणि हे सातबाऱ्यावर डोळा असलेल्या काही घरांत मोठ्याने वाचून दाखवायची वेळ येते.

माझी पद्धत साधी आहे. बाळचं खातं वेगळं, त्यातला रुपया घरखर्चात जात नाही. दोनशे पानी वही, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, बिलं नंबर घालून मागच्या खिशात. घरात सगळ्यांसाठी पीठ दळून आणलं तर तो खर्च बाळच्या वहीत नाही. त्याचे बूट, थेरपी, गोळ्या, त्याच्या वाढदिवसाचा केक आहे. केक लिहावा का म्हणून मी आईशी वाद घातला होता. लिहिला, कारण त्याचे पैसे त्याच्या आनंदासाठीही आहेत.

रोजच्या सांभाळातलं एकच लिहिते, कारण त्यात जीव जाऊ शकतो. फिट आली की आमच्याकडे अजून कांदा आणि चप्पल हुंगवतात, दातात चमचा घालतात. यातलं काहीही करू नका. आजूबाजूचं टणक सामान बाजूला सारा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, कुशीवर वळवा, गळ्याचं बटण सोडा आणि घड्याळ बघा. तोंडात काही घालायचं नाही, पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणीही नाही. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा लागोपाठ दुसरी आली तर थेट दवाखाना, रुग्णवाहिकेला १०८. आणि "वर्षभर फिट नाही" म्हणून गोळी मनाने बंद करू नका. आम्ही ती चूक २०१२ च्या दिवाळीत केली, आणि बाळचा पुढचा दात त्यात गेला.

माणूस बोलू शकत नसेल आणि कुणी त्याला मारतंय, उपाशी ठेवतंय असं तुम्हाला दिसलं, घरात असो की संस्थेत, तर २०१६ च्या कायद्याप्रमाणे कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवू शकतं. म्हणजे तहसीलदार किंवा प्रांत. त्यासाठी नातेवाईक असायची गरज नाही. शेजाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी लिहिलंय.

राहिला प्रश्न आमच्यानंतरचा. आई चौऱ्याहत्तरची, मी एकेचाळिसाची, माझी पाठ आताच बोलते. मृत्युपत्रात "जो सांभाळेल त्याला घर" असं लिहू नका. सांभाळ म्हणजे काय हे कोण ठरवणार? वकिलाच्या सल्ल्याने मालमत्ता विश्वस्तांकडे ठेवून त्यातून दरमहा खर्च होईल असा खासगी ट्रस्ट करता येतो, विश्वस्त दोन तरी ठेवावेत आणि पैसा बघणारा व माणूस बघणारा वेगळा असावा, असं माझं मत झालंय. पुढचा पालक कोण याचं नाव घरात उघड बोला आणि त्या माणसाला विचारा. माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. "मामाचं तू बघशील ना" हे वाक्य मी तिला कधी म्हणणार नाही असं ठरवलंय. आमच्या मावसभावाने स्वतःहून हो म्हटलं.

त्याच्यासाठी मी दुसरी वही केली. गोळ्यांची नावं आणि वेळा तर आहेतच, पण बाकीचंही. बाळला मिक्सरच्या आवाजाची भीती वाटते, आधी सांगून मग बटण दाबायचं. त्याला जिन्यावरून उतरताना डावीकडून धरायचं, दंडाला नाही, कमरेच्या पट्ट्याला. 'पपप' म्हणजे पाणी, आणि 'पप' म्हणजे पेपर, कारण आण्णा गेल्यापासून सकाळचा पेपर तोच दारातून आणतो. वही वाचून मात्र कुणी शिकत नाही, म्हणून मावसभाऊ दर रविवारी येतो आणि ते चार तास मी घरात थांबत नाही.

गेल्या रविवारी त्याने पहिल्यांदा एकट्याने बाळची दाढी केली. मी परत आले तेव्हा दोघं आरशासमोर होते. हनुवटीखाली एक पट्टा तसाच राहिला होता. बाळने वळलेल्या मुठीतून एक बोट कसंबसं बाहेर काढलं आणि ती जागा दाखवली. मावसभावाने पुन्हा साबण लावला.